अनोळखी क्रमांक चार

“अहो, माझी बाही कुठे गेली?”

शुक्रवारी संध्याकाळी हा प्रश्न आतल्या खोलीतून आला, तेव्हा निवृत्त ग्रंथपाल खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. पाऊण तास ते एकच पान वाचत होते आणि ते पान संपूर्ण जाहिरातीचे होते.

“कोणती बाही?”

“तुमच्या स्वेटरची. डाव्या बाहीपुरती लाल लोकर बाजूला काढून ठेवली होती मी. केवढा गोळा होता! आता लिंबाएवढा राहिलाय.”

“उंदरानं नेली असेल.”

“उंदीर कात्री वापरायला लागले वाटतं. टोक बघा, कसं सरळ कापलंय.”

त्यांच्या पत्नीने चौतीस वर्षे शस्त्रक्रियेच्या विभागात परिचारिका म्हणून काम केले होते. ‘मी पथ्य पाळतोय’ असे सांगणाऱ्या सहस्रावधी रुग्णांच्या उशीखालून त्यांनी बिस्किटे काढली होती. त्यांच्यापुढे असत्य फार काळ तग धरीत नसे.

“रानात बांधली,” ग्रंथपाल म्हणाले.

“कुणाला?”

“झाडांना.”

“का? थंडी वाजत होती त्यांना?”

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते.

शहराच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागे रानाचा एक तुकडा शिल्लक राहिला होता. तो कोणी राखला म्हणून राहिला होता असे नव्हे, तर त्याचे काय करावे हे कोणाला सुचले नव्हते म्हणून. या रानात आपसूक उगवणाऱ्या वनस्पतींची नोंद ठेवण्यासाठी एकोणीस स्वयंसेवक दर रविवारी सकाळी सात वाजता जमत. त्यांची प्रमुख एक तरुण दंतवैद्य होती. सारे तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे ग्रंथपालसुद्धा. तिने प्रत्येकाला रानाचा एकेक चौरस वाटून दिला होता आणि नियम मोजके ठेवले होते. पाहायचे, मोजायचे, लिहायचे. तोडायचे नाही, लावायचे नाही, आणि कसलीही खूण मागे ठेवायची नाही.

पहिले सर्व नियम ग्रंथपालांनी निष्ठेने पाळले. शेवटचा मात्र त्यांच्या स्वभावाच्या मुळावर येणारा होता. ज्या मनुष्याने आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, त्याला खुणेवाचून असलेली वस्तू हरवल्यासारखीच वाटते.

ज्या रोपाचे नाव कळत नाही त्यापुढे ‘अनोळखी’ असे लिहून क्रमांक घालायचा, अशी पद्धत होती. ग्रंथपालांच्या चौरसातील अनोळखी एक, दोन आणि तीन यांची ओळख लवकरच पटली. उरला अनोळखी चार. जमिनीला बिलगलेली दोन रुंद पाने आणि मधून वर आलेला वीतभर देठ, एवढेच त्याचे रूप. “फूल दिसल्याशिवाय सांगता येणार नाही, काका,” ताई म्हणाली होती. “नुसत्या ओठांवरून दात कसे सांगू?”

गेल्या वर्षी त्या जागी तीन देठ होते आणि तिन्हींवर कळ्या. त्याच आठवड्यात ग्रंथपालांच्या हृदयाने आपल्या तक्रारी एकदम मांडल्या. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने रुग्णालयात आणि अंथरुणात गेले. पुढे डॉक्टरांनी चालायला सांगितले, परंतु दारापर्यंत जाऊन परत फिरावेसे वाटे. एके दिवशी मनात आले की अनोळखी चारचे काय झाले असेल? त्या एका जिज्ञासेच्या आधाराने ते कोपऱ्यापर्यंत गेले, मग रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि तिसऱ्या आठवड्यात थेट रानात. तेथे तीन वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. फूल येऊन गेले होते, परंतु ग्रंथपाल पुन्हा चालू लागले होते.

तेव्हापासून त्यांना एकच खंत होती. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचे आभार कसे मानावेत? या वर्षी त्या जागी एकच देठ आला आणि त्यावर एकच कळी धरली. टाके घातलेल्या हृदयाच्या भरवशावर पुढच्या वर्षाचा वायदा करणे त्यांना धाडसाचे वाटे. फूल पाहायचे तर ते याच वर्षी.

गुरुवारी ते सहज म्हणून रानात गेले, तर कळी टपोरली होती आणि तिच्यापासून चार बोटांवर कोणाच्या तरी बुटाचा ताजा ठसा उमटला होता. घरी येऊन त्यांनी कात्री चालवली आणि पुन्हा जाऊन कळीशेजारच्या काटकीला लाल लोकर बांधली, जेणेकरून येणाऱ्याने पाय जपून टाकावा. मग वाटेवर उभे राहून पाहिले, तर लोकर इतकी उठून दिसत होती की कोणीही कुतूहलाने तेथे वाकून पाहिले असते. ग्रंथालयातील अनुभव त्यांना आठवला. काचेच्या कपाटातले पुस्तकच नेमके पळवले जाते, आणि सामान्य पुस्तकांच्या रांगेतले दुर्मीळ पुस्तक वर्षानुवर्षे सुखरूप राहते. तेव्हा त्यांनी आणखी अकरा सामान्य झुडपांनाही लोकर बांधली आणि समाधानाने घरी आले.

“म्हणजे एका रोपासाठी बारा जणांना पट्ट्या बांधल्या,” पत्नी म्हणाल्या. “आणि माझी बाही गेली.”

एवढ्यात फोन वाजला. ताईचा आवाज आनंदाने ओसंडत होता.

“काका, गोड बातमी! उद्यान खात्यानं आपलं ऐकलं! दर वर्षी आग लागू नये म्हणून ते वाटेच्या कडेचं सरसकट कापतात ना, या वर्षी नाही. मुकादम स्वतः आज रानात फिरून खुणा करून गेले. उद्या सकाळी फक्त खूण असेल तेवढंच कापणार. बाकी कशाला हात लावणार नाहीत!”

“वा,” ग्रंथपाल म्हणाले. “खूण कसली केली त्यांनी?”

“लाल दोरी बांधली. लाल म्हणजे काढायचं. किती सोपं ना?”

ग्रंथपालांनी फोन खाली ठेवला आणि ते खुर्चीत हळूहळू खचत गेले. पत्नीने आधी त्यांची नाडी पाहिली, मग चेहरा पाहिला आणि नाडी सोडून दिली.

“सांगा. काय केलंत?”

त्यांनी सांगितले. त्या म्हणाल्या, “पहाटे निघू. कात्री मी घेते. तुमच्या हातात कात्री दिली की काय होतं ते बघितलंय मी.”

शनिवारी पुरते उजाडण्यापूर्वीच दोघे रानात शिरले. लोकर नेमकी कोठे कोठे बांधली, हे ग्रंथपालांनी लिहून ठेवले नव्हते. आयुष्यात प्रथमच त्यांनी काहीतरी न लिहिता केले होते आणि ते नेमके हेच होते. शेवटी असे ठरले की पत्नीने डाव्या अंगाने जावे आणि त्यांनी उजव्या. लाल दिसेल ते सोडवायचे आणि टाकीपाशी भेटायचे.

तासाभराने दोघे भेटले. पत्नीने पिशवीतून लोकरीचे तुकडे काढून मोजले. “अकरा. सगळ्या गाठी तुमच्याच. रुग्णालयाच्या गाऊनची नाडी बांधायचात तशाच. तुमच्याकडे किती?”

ग्रंथपालांनी अभिमानाने दोन्ही खिसे रिकामे केले. “सव्वीस!”

“तुम्ही बांधल्या बारा.”

“हो.”

“आणि सोडल्या सव्वीस.”

त्या वाक्यातील गणित ग्रंथपालांच्या ध्यानात सावकाश उतरले. पत्नीने एक दोरा बोटांत चोळून पाहिला. “ही लोकर नाही. ही सुतळी आहे. अहो, तुम्ही खात्याच्या खुणा काढल्यात!”

अशा रीतीने ज्या रानात आदल्या दिवसापर्यंत नको ते कापले जाण्याची भीती होती, तेथे आता हवे तेही कापले जाण्याची सोय उरली नाही. ग्रंथपाल सुतळीचा पुंजका दोन्ही हातांत धरून उभे राहिले. त्या पुंजक्यातील एकेक दोरी कोणत्या झुडपाची हे सांगणारी सूची जगात कोठेही नव्हती.

“मुकादम यायच्या आत परत बांधू,” ते म्हणाले.

“कशाकशाला?”

“आठवेल तसं.”

“आठवेल तसं आम्ही टाके घातले असते तर तुम्ही आज इथे नसता. आणि थांबा,” पत्नीच्या कपाळावर आठी उमटली. “लोकर अकराच मिळाली. बारावी कुठंय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अनोळखी चार अगदी मध्यावर होता. तो डाव्या अंगाचा म्हणून ग्रंथपालांनी सोडला होता, आणि ‘हा तर यांच्या जिव्हाळ्याचा, हेच सोडवतील’ म्हणून पत्नीने. त्याच क्षणी रानाच्या मध्यभागातून कापणीच्या यंत्राची घरघर ऐकू आली.

डॉक्टरांनी ग्रंथपालांना चालायला सांगितले होते, धावायला नव्हे. ते धावले. मागून पत्नी “अहो, दमानं! श्वास घ्या! श्वास!” असे ओरडत येत होत्या. समोर यंत्र खांद्याला अडकवलेला एक माणूस, शेजारी ताई आणि त्यांच्या पुढ्यात पाठमोरा वाकलेला एक उंच, पिकल्या मिशांचा मनुष्य होता.

“कापू नका!” ग्रंथपाल ओरडले. “ती माझी बाही आहे!”

यंत्र बंद झाले. मिशीवाला मनुष्य सावकाश वळला. हेच मुकादम. त्यांनी अनोळखी चारवर वेताची एक टोपली पालथी घातली होती आणि तिच्या बुडावर हात ठेवून ते निवांत उभे होते.

“बाही?” मुकादम म्हणाले.

ताईने ग्रंथपालांकडे निरखून पाहिले. घाबरलेल्या रुग्णाशी बोलतात तशा मऊ आवाजात ती म्हणाली, “काका, बसा आधी. कुठं दुखतंय ते खरं खरं सांगा.”

ग्रंथपालांनी सर्व सांगितले. बुटाचा ठसा, लोकर, अकरा फसव्या खुणा आणि शेवटी खिशातली सव्वीस सुतळ्यांची गुंडाळी, काहीही लपवले नाही. सुतळी पाहताच यंत्रवाला हसू दाबण्यासाठी पाठ फिरवून उभा राहिला. ताईने मात्र डोळे मिटून घेतले.

“काका, शेवटचा नियम काय होता? खूण ठेवायची नाही.”

“चुकलंच माझं.”

“कालचा अख्खा दिवस फिरलो मी,” मुकादम म्हणाले. “गुडघ्यांचं पार वाटोळं झालं. आणि तुम्ही तासाभरात सगळं साफ केलंत? माझी चार माणसं एवढं काम दोन दिवसांत करत नाहीत. नोकरी पाहिजे का?”

ग्रंथपालांनी मान खाली घातली. “पण लाल खूण होती, तरी तुम्ही हे कापलं नाहीत.”

“लाल असली तरी माझी नव्हती. माझी सुतळी, ही लोकर. आणि याला मी कशाला खूण करीन? सात वर्षं झाली, कापणीच्या दिवशी ही टोपली मी यालाच घालतो.”

“सात वर्षं?” ताई म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे हे काय आहे?”

“नाव नाही माहीत. पहिल्या वर्षी माझ्याच हातून कापलं गेलं. दुसऱ्या वर्षी बघतो तर तिथंच, तस्संच वर आलेलं. म्हटलं, एवढी हौस आहे तर राहू दे बाबा. आमच्या साहेबांना सांगितलं नाही. साहेब म्हणाले असते, टोपली कुठल्या खर्चातून घेतली?” मुकादमांनी टोपली उचलली. कळी सुखरूप होती. मग त्यांची नजर रोपापलीकडे गेली आणि भुवया वर चढल्या. “हे खड्डे कसले हो?”

रोपापासून हातभर अंतरावर जमिनीत दोन वाटोळे, गुळगुळीत, दगडासारखे घट्ट झालेले खळगे होते. यंत्रवाला म्हणाला, “ससा असेल.”

“सशाचे एवढे मोठे?” मुकादमांनी वाकून पाहिले, मग ग्रंथपालांच्या पॅन्टकडे पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर मातीचे दोन वाटोळे डाग होते, धुऊन धुऊनही न गेलेले. “साहेब, तुम्ही इथं दर आठवड्याला गुडघे टेकता काय?”

“मोजायला,” ग्रंथपाल क्षीण स्वरात म्हणाले. “वाकवत नाही म्हणून. रविवारी. आणि हल्ली बुधवारीही. कधी शुक्रवारीही.”

“अगदी जपून टेकतात हो,” पत्नी म्हणाल्या. “नेमक्या त्याच जागी. शिस्त आहे त्यांना.”

“तेच तर! गेल्या साली या दोन्ही जागी एकेक होतं. हे मधलं, हे डावं, हे उजवं. तिन्ही फुलली होती. टोपली घालायची विसरून बघत उभा राहिलो होतो मी.” मुकादम थांबले. “गेल्या साली तुम्ही मध्ये काही दिवस आला नव्हतात ना?”

“रुग्णालयात होतो.”

“हां. तेव्हाच फुलली ती.”

वर्षभर ज्याच्यासाठी ग्रंथपालांनी ऊन, वारा आणि पत्नीची बोलणी सोसली, ज्याच्या समोर ते अक्षरशः गुडघे टेकत आले, त्याची दोन भावंडे त्यांनी स्वतःच्या भक्तीच्या भाराखाली दडपून टाकली होती. त्यांचे डोळे भरून आले. पण का कोण जाणे, पाठोपाठ हसूही आले, आणि ते हसू पाहून पत्नीलाही आवरेना. “चला, म्हणजे तुमच्या ऑपरेशनचा कुणाला तरी उपयोग झाला!” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

“झालं ते झालं,” मुकादम म्हणाले. “आता काम. खुणा तुम्ही काढल्यात, तेव्हा मी बोट दाखवीन ते हा कापेल आणि टोपली तुम्ही धराल. हलायचं नाही.”

ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी टोपली धरली, गुडघे न टेकता, पत्नीने पिशवीतून काढून दिलेल्या, चहाचा थर्मास ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसून. यंत्र घरघरत त्यांच्याभोवती फिरले. गवताचे तुकडे त्यांच्या केसांवर, कानांत, चष्म्यावर येऊन बसले. रान कापले जात होते आणि त्याच्या मधोमध एक पांढऱ्या केसांचा मनुष्य हिरवागार होऊन निश्चल बसला होता. ताईने त्यांचे छायाचित्र काढले. ते पुढे समूहात एकोणीस जणांनी पाहिले आणि त्यांपैकी तिघांनी विचारले की हा कोणता प्राणी आहे.

नऊच्या सुमारास काम संपले. ग्रंथपालांनी टोपली उचलली. कळी जशीच्या तशी मिटलेली होती.

“घाई करू नका,” मुकादम म्हणाले. “ऊन लागू द्या. याला उन्हाचं बोलावणं लागतं.”

तेव्हा सारे सहा पावले मागे सरून बसले. डब्यातला चहा पत्नीने सर्वांना वाटून दिला. पानांमधून उतरत उतरत उन्हाचा एक तुकडा प्रथम कापलेल्या गवतावर आला, मग पानांवर, आणि मग देठ चढून कळीवर. यंत्रवाल्याने कप तोंडाशी तसाच धरून ठेवला. एक पाकळी सैल झाली, मग दुसरी. आणि पाहता पाहता त्या वीतभर देठावर एक फिकट जांभळे, कंठाशी पांढरे असे फूल उघडून उभे राहिले. आकाराने शर्टाच्या बटणाएवढे. इतक्या लहान वस्तूने एवढ्या मोठ्या माणसाला घराबाहेर कसे काढले असेल, याचा विचार करीत ग्रंथपाल पाहत राहिले. त्यांनी हात जोडले. ते फुलाला जोडले की मुकादमांना, हे त्या दोघांनाच ठाऊक.

ताईने छायाचित्र एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवले आणि पंधरा मिनिटांत उत्तर आले. ती आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातील एक रानजात होती आणि शहरात ती नामशेष झाल्याचे मानले जात होते. तिचे शास्त्रीय नाव लॅटिन आणि इतके लांब होते की ताईला ते दोन श्वासांत वाचावे लागले.

“जेवणाआधी घ्यायचं की नंतर?” पत्नीने विचारले.

ग्रंथपालांनी ते नाव स्वतःशी तीनदा म्हटले, संध्यावंदनाच्या गांभीर्याने. मग नोंदीचा कागद घेतला आणि ‘प्रथम पाहणारा’ या रकान्यात मुकादमांचे पूर्ण नाव विचारून लिहिले.

“माझं कशाला?” मुकादम संकोचले. “मी तर फक्त कापलं नाही.”

“तेच लिहितोय,” ग्रंथपाल म्हणाले.

त्यानंतरचे वर्षभर ग्रंथपाल अनोळखी चारच्या, म्हणजे आता अनोळखी न राहिलेल्या चारच्या, जवळ फिरकले नाहीत. वाटेवर उभे राहून ते मुकादमांना खुशाली विचारीत. “बरं आहे,” मुकादम सांगत, आणि ग्रंथपाल तेवढ्यावर घरी जात. हे त्यांना किती जड गेले ते पत्नीलाच माहीत. बुधवारी आणि शुक्रवारी त्या त्यांना मुद्दाम भाजी आणायला विरुद्ध दिशेला पाठवीत.

पुढच्या हंगामात एका रविवारी मुकादमांनी त्यांना सहा पावलांवरून बोट करून दाखवले. मधला देठ होताच. आणि ज्या दोन खळग्यांत वर्षापूर्वी दगडासारखी माती होती, तेथे पानांची एकेक जोडी होती, आणि प्रत्येक जोडीतून एकेक देठ वर आला होता. कळ्या तीन.

ग्रंथपाल कितीतरी वेळ उभे राहिले. मग त्यांनी नोंदीचा कागद काढला. संख्या: तीन. प्रकृती: उत्तम. त्याखाली त्या वर्षी ताईने एक नवा रकाना घातला होता, ‘वाढीचे संभाव्य कारण’. इतर स्वयंसेवकांनी त्यात पाऊस, सावली, पालापाचोळा असे काहीबाही लिहिले होते. ग्रंथपालांनी पेन्सिलीचे टोक ओठांशी नेले, क्षणभर विचार केला आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले:

‘निरीक्षकाची अनुपस्थिती.’